पडवीची झडी

नळ सोडला तसा पडवीतल्या पेटीत भक्क आवाज झाला आणि निळी ज्योत उभी राहिली. इकबाल मुजावर दोन पावलं मागे सरला आणि घरातून काय ऐकू येतंय त्याकडे कान लावून उभा राहिला. भिंतीलगतच्या तांब्याच्या नळ्यांत आधी गुडगुड झाली, मग सळसळ. दहा मिनिटांनी तो मला म्हणाला, "बाई, आता हात लावून बघा."

मी हात लावला आणि लगेच काढून घेतला. नळी चांगलीच तापली होती. तीस वर्षं मी शाळेत बाई होते, त्यामुळे कौतुक करताना हात आखडता घेण्याची सवय. तरी त्या दिवशी मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. गीझर आंघोळीसाठी असतो एवढंच मला ठाऊक. या पठ्ठ्याने तोच गीझर घर तापवायला लावला होता. टाकी नाही, साठवण नाही. पाणी जाता जाता गॅसवर तापायचं, छोट्या पंपाने बाळंतिणीच्या खोलीतून आणि माजघरातून फिरायचं आणि गार होऊन पुन्हा पेटीत यायचं. वाईहून तो यासाठी चार दिवस आमच्याकडे येऊन राहिला होता.

हे सगळं माझ्या नातीसाठी चाललं होतं. माझी सून रेवती सातव्या महिन्यातच बाळंत झाली. माहेरी सोलापूरला जायचं तिकीटसुद्धा काढलेलं होतं, पण पोरीला धीर धरवला नाही. जन्मली तेव्हा दीड किलोची. साताऱ्याच्या दवाखान्यात महिनाभर काचेच्या पेटीत ठेवून एप्रिलअखेर घरी सोडली, तेव्हा डॉक्टरांनी एकच गोष्ट तीन वेळा सांगितली : हिला गारठा लागता कामा नये. नाव मृण्मयी ठेवलं, पण एवढंसं ते लाकडी बाहुलीसारखं ध्यान बघून मी तिला ठकीच म्हणायची.

आता आमचं गाव महाबळेश्वरापासून चार मैलांवर. जून लागला की चार महिने सूर्य दिसत नाही, भिंतींना बुरशी येते, कपाटातले कपडे ओले निघतात. रेवतीचं म्हणणं होतं, सोलापूरला भिंतीच शेगडीसारख्या तापतात, तिकडे जाऊ द्या. मी म्हटलं, एवढ्याशा जिवाला सात तास गाडीत घालायचं? आणि आमची पोरं काय सोलापुरात वाढली? तिचा नवरा म्हणजे माझा श्रीरंग पुण्याला नोकरीला, शनिवारी येणार आणि सोमवारी जाणार. त्याने मधला मार्ग काढला, तो म्हणजे इकबालचा गीझर.

जाताना इकबालने श्रीरंगला पडवीत उभं करून बजावलं, ही बाजू पावसाळ्यात उघडी ठेवायची. वर पत्र्याची पाखी ठोकली आहे तेवढी पुरे. गॅस जळतो त्याला वारा लागतो, आणि जळून जे उरतं ते बाहेर जायला वाट लागते. मी दारातच उभी होते, सगळं ऐकलं. वारा लागतो म्हणे! आमच्या गावात वाऱ्याची काय वाण, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

आमच्याकडे पावसाळ्याआधी घराला झडी बांधतात. कारवीच्या काठ्यांची चौकट करायची, तिच्यावर वाळकं गवत दाट बांधायचं आणि ती भिंतीपुढे उभी करायची. पाऊस आडवा येतो, त्यामुळे नुसत्या छपराने भागत नाही, घराला गवताचा अंगरखाच घालावा लागतो. धाकलू ढेबे गेली वीस वर्षं आमच्या घराला झडी बांधत होता. त्या वर्षी श्रीरंगने सांगितलं म्हणून त्याने तिन्ही बाजू झाकल्या आणि मागची पडवी तेवढी उघडी ठेवली. मला ते घर मागून उघडं पडल्यासारखंच दिसायचं, पण मी काही बोलले नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वारा सुटला. पडवीत पाणी थेट पेटीपर्यंत यायचं आणि ज्योत विझायची. पुन्हा पेटवावी, तासाभराने पुन्हा विझावी. नळ्या गार पडायच्या, आणि खोली गार पडली की ठकीची नखं निळसर दिसायची. एकदा तर तिचे पाय हातात घेतले तर ते बर्फासारखे. मी श्रीरंगला फोन लावला. तो म्हणाला, इकबालला विचारतो. इकबालचा फोन लागत नव्हता. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. इथे पोर गारठत होती. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी धाकलूला बोलावून घेतलं आणि पडवीला झडी बांधायला सांगितली.

बांधून होत आली तेव्हा तो म्हणाला, "बाई, वर हातभर भोक ठिवू का? श्रीरंगदादा म्हनत हुते, वारा लागतोय त्याला."

"भोक ठेवलंस तर पाऊस आत येईल की नाही?"

"येईल वाईच."

"मग कशाला बांधतोस? बंद कर."

त्याने बंद केलं. वरून कागदही लावला. त्या दिवसापासून ज्योत एकदाही विझली नाही.

खोली अशी उबदार झाली की काय सांगू. बाहेर धो धो कोसळतंय, दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि आत गेलं की चैत्रातल्या दुपारसारखं वाटायचं. जन्मल्यापासून किरकिरणारी ठकी शांत झोपायला लागली. आधी दर तासाला उठायची, ती आता तीन तीन तास हलायची नाही. गालांवर रंग चढला, छान गुलाबी. शेजारच्या बायका बघायला आल्या की मी मुद्दाम दुपट्याची कड बाजूला करायची, आणि त्या गेल्या की मीठमोहऱ्या उतरवून टाकायची. श्रीरंगला मी फोनवर झडीचं काही सांगितलं नाही. पोर छान आहे, झोपते छान, एवढंच सांगितलं. तो शनिवारी यायचा तो रात्री उशिरा, पावसात. घराच्या मागे जाऊन बघायचं त्याला काही कारणच नव्हतं.

बिघडली ती रेवती. सकाळी उठायची तीच डोकं धरून. दूध उतू जाईपर्यंत गॅससमोर उभी राहायची. बोलताना शब्द विसरायची. एकदा भाकरी तव्यावर टाकून ती खाली बसली ती उठलीच नाही, भाकरीचा कोळसा झाला. मी दिवसभर घरात नसायची. परसात आमची सरबतं आणि जॅम करायची शेड आहे, निवृत्तीनंतर मी ते काम सुरू केलं होतं, सकाळी नऊला जायची ती सहाला यायची. रात्री निजायची पुढच्या ओटीला लागून, जिथे दाराच्या फटीतून वारा शिट्ट्या मारतो. मी ठणठणीत होते. साठी उलटलेली सासू दिवसभर उभी राहून काम करते, आणि सव्वीस वर्षांची सून बसल्या जागी पेंगते. आता सांगा, मी काय समजावं?

आणि मी बारीक लक्ष ठेवलं होतं. रविवारी श्रीरंग तिला बाजारात घेऊन जायचा, ठकीजवळ तासभर शेजारच्या काकू बसायच्या. बाजारातून परत येताना रेवती हसत असायची. गालावर तजेला, चालीत चपळाई. घरात येऊन दोन तास झाले की पुन्हा कपाळाला हात. बाहेर पडली की बरी, घरात आली की आजारी. अशा आजारावर कोणत्याही वैद्याकडे औषध नसतं, असं मी एकदा शेडमधल्या बायकांना म्हटलं. त्या हसल्या. तिच्या कानावर ते गेलंच असणार.

आमची मांजर त्याच सुमारास खोलीतून शेडमध्ये राहायला आली. पहिल्यांदा नळ्या तापल्या तेव्हा ती नळीला चिकटून झोपायची, हाकलली तरी जायची नाही. आता उंबऱ्याशी येऊन आत बघायची आणि मागे फिरायची. भर पावसात भिजत परस ओलांडून बरण्यांच्या खोक्यात येऊन बसायची. रेवतीने मला ते मुद्दाम दाखवलं. मी म्हटलं, मांजरालाही तुझं वारं लागलं वाटतं.

श्रीरंग सोमवारी निघायचा तो डोकं धरूनच. तो म्हणायचा, येतानाची घाटातली वळणं अजून बाधतात.

आषाढ लागून आठवडा झाला तेव्हा एका संध्याकाळी रेवती शेडमध्ये आली. ठकीला शेजारच्या काकूंकडे दिलं होतं. दारात उभी राहून म्हणाली, "आई, मला बाळाला घेऊन सोलापूरला जायचंय."

मी बरण्यांना लेबलं लावत होते. हात थांबवला नाही. "का?"

"या घरात माझं डोकं दुखतं."

"घरात दुखतं, की घरातल्या माणसांमुळे?"

ती चौकटीला टेकली. मग म्हणाली, "मला वाटतं बाळाचंही दुखत असेल. तिला सांगता येत नाही. ती पहिल्यासारखी रडत नाही, आई. प्यायलाही उठवावी लागते. मला भीती वाटते."

"रडत नाही म्हणून रडणारी आई मी पहिल्यांदाच बघते," मी म्हटलं. "डॉक्टरांनी गारठा सांभाळायला सांगितलाय. एवढा खर्च करून घर तापवलं ते कुणासाठी? तुला जायचं तर जा खुशाल चार दिवस. पोर इथेच राहील."

अंगावर पिणारं मूल टाकून ती जाणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोलले. ती डोळे पुसून परत गेली. आज लिहितानाही मला त्या वाक्याची लाज वाटते, पण बोलले ते बोलले.

दोन दिवसांनी ती निदान पाचगणीला डॉक्टरांना दाखवून येते म्हणाली. डोक्याला काय झालंय ते तपासून घेते, दुपारी दोनपर्यंत येते. याला मी नाही म्हणू शकले नाही. तिने दूध काढून वाटीत झाकून ठेवलं, चमचा कुठे आहे ते सांगितलं, दर दोन तासांनी उठवून पाजा म्हणून दोनदा सांगितलं आणि गावातल्या जीपने गेली. त्या दिवशी वीज गेलेली होती, शेडचं काम बंदच होतं. पंप मात्र बॅटरीवर चालू होता. वारा पार पडला होता. धुकं इतकं की परसातली शेड दिसत नव्हती.

नऊ वाजता मी ठकीला मांडीवर घेऊन नळीजवळ बसले. मनात म्हटलं, बघू या आता, कसं दुखतं डोकं या घरात.

किती छान झोपली होती. मी तिच्या टाळूला तेल लावलं, जुनं एक अंगाईगीत म्हटलं, मलाही डुलकी आली. जागी झाले तेव्हा कपाळात ठणकत होतं. वाटलं, चहा झाला नाही म्हणून. उठावं, चहा करावा, पण उठायचा कंटाळा आला. मला! पहाटे पाचला उठून अंगण झाडणारी मी, मला कंटाळा आला. मग पित्त असेल असं वाटलं. घड्याळाकडे बघितलं तर काटे दिसत होते, पण वाजलेत किती ते कळायला वेळ लागला. साडेअकरा. दूध पाजायची वेळ केव्हाच टळली होती.

मी ठकीचा पाय चोळला. कानाची पाळी दाबली. गाल हलवला, तो गुलाबी गाल माझ्या बोटाबरोबर हलला आणि तसाच राहिला. मी तिचा हात वर धरून सोडला. तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला.

तेव्हा मी घाबरले. उठायला गेले. पाय आहेत हे दिसत होतं, पण ते माझं ऐकेनात. आणि त्याच क्षणी मला तव्याजवळ खाली बसलेली रेवती आठवली. ही बसली होती ती आळसाने बसली नव्हती. तिला उठता येत नव्हतं. महिनाभर ती हेच सांगत होती आणि मी तिला उलट ऐकवत होते.

एका हाताने पोरीला छातीशी धरून मी दुसऱ्या हातावर सरपटत निघाले. खोलीपासून पुढच्या दारापर्यंत बावीस पावलं आहेत, पुढे मी ती मोजली. त्या दिवशी किती वेळ लागला सांगता येत नाही. मध्ये एकदा माजघरात वाटलं, इथे जरा पडावं, छान ऊब आहे. तसंच पडले असते तर ही गोष्ट सांगायला कुणी राहिलं नसतं. कडी काढली, दार उघडलं आणि जिला महिनाभर वाऱ्याची झुळूक लागू दिली नव्हती तिला घेऊन मी पायरीवर पावसात बसले. धाकलू, धाकलू म्हणून ओरडले. त्याचं घर वरच्या अंगाला, आवाज पोचेल इतकं जवळ. पाऊस तोंडावर पडला तशी ठकीने एकदा तोंड वेडंवाकडं केलं. रडली नाही.

धाकलूने आम्हाला उचलून कुणाच्या तरी गाडीत घातलं. महाबळेश्वरच्या दवाखान्यात तिच्या तोंडावर ऑक्सिजन लावला, मलाही लावला. तिथल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "बंद खोलीत कोळसा पेटवता का?" मी मान हलवून नाही म्हटलं. आमच्याकडे गॅस आहे, आधुनिक आहे, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुठे बसवलाय? उघड्यावर की बंद जागेत?" मी डोळे मिटून घेतले. झोप लागली असं त्यांना वाटलं असेल.

रेवती पाचगणीहून थेट दवाखान्यात आली आणि ठकीला त्याच संध्याकाळी साताऱ्याला हलवलं. चौथ्या दिवशी तिने डोळे उघडून नीट बघितलं आणि भूक लागली म्हणून रडली. ती रडली तेव्हा रेवतीही रडली, आणि मी जिन्यात जाऊन रडले.

पाचव्या दिवशी श्रीरंग इकबालला घेऊन घरी आला. कपडे न्यायला म्हणून रेवतीही आली होती. इकबाल सरळ मागे गेला आणि पडवीसमोर थबकला. त्याने झडीत हात घालून गवत ओरबाडून काढलं. आतल्या अंगाचं गवत काजळीने काळं झालं होतं. हवा नाही म्हणून ज्योत पिवळी जळत होती, आणि तिचा विषारी वायू कोंडून खोलीच्या पडवीकडे उघडणाऱ्या झरोक्यातून आत जात होता, असं त्याने सांगितलं. या वायूला वास नाही, रंग नाही. तोवर थोडा वारा तरी गवतातून शिरत होता. त्या दिवशी वारा पडला आणि तेवढाही आधार गेला. मग त्याने विचारलं, "इथं झडी कुणी बांधली?"

श्रीरंगने धाकलूची बखोट धरली. मी सांगितलं होतं ना तुला, मी सांगितलं होतं ना, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. धाकलूने माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली बघून म्हणाला, "चुकलं दादा. ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

मी गप्प राहिले असते तर तसंच राहिलं असतं. धाकलूने पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं, त्याची मला खात्री होती. मोह झाला, खोटं का सांगू. चांगलाच मोह झाला. रेवती पडवीच्या टोकाला ठकीच्या लंगोटांचं गाठोडं घेऊन उभी होती.

"त्याला सोड," मी श्रीरंगला म्हटलं. "तो भोक ठेवतो म्हणत होता. मी बंद करायला लावलं."

श्रीरंगने हात काढला. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मग रेवती म्हणाली, "केव्हा?"

"वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी."

तिने बोटांवर हिशेब केला, शाळेतली पोरं करतात तसा. "सव्वीस दिवस," ती म्हणाली. मला वाटलं, आता ही बोलेल. मला तेव्हा हवंच होतं की तिने बोलावं, वाटेल ते बोलावं. ती गाठोडं घेऊन गाडीत जाऊन बसली. साताऱ्याहून ती पोरीला घेऊन परस्पर सोलापूरला गेली. श्रीरंगने पुढे तिकडेच बदली करून घेतली. त्या घरात ती पुन्हा एक रात्रही राहिली नाही.

याला अकरा वर्षं झाली. मृण्मयी आता सहावीत आहे. उंच झाली, धावते, भरतकाम सुंदर करते. आकडे मात्र तिच्या ध्यानात राहत नाहीत, वाचलेलं दुसऱ्या दिवशी पुसलं जातं. डॉक्टर म्हणतात, लवकर जन्मलेल्या मुलांत असं असू शकतं. मी एकदा त्यांना एकटीने गाठून दुसरं कारण विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तेही असू शकतं, आता सांगता येणार नाही.

मी दर उन्हाळ्यात पंधरा दिवस सोलापूरला जाते. रेवती स्टेशनवर घ्यायला येते, वाकून नमस्कार करते, पहिली गरम भाकरी माझ्या ताटात वाढते. या अकरा वर्षांत त्या सव्वीस दिवसांबद्दल एक शब्द तिने काढलेला नाही. मी नातीला शिकवायला बसले, पाढे म्हणून घ्यायला लागले, की ती शेंगा नाहीतर निवडायची ज्वारी घेऊन त्याच खोलीत येऊन बसते. मी आंघोळीला गेले की उठते, मी परत आले की पुन्हा येते.

मागच्या वर्षी मी तिला म्हटलं होतं, "जा गं तू बाजारात जाऊन ये. मी आहे ना हिच्याजवळ."

तिने सुपातली ज्वारी एकदा पाखडली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "असू दे आई. मला इथेच बरं वाटतं."

मी मृण्मयीला म्हटलं, चल, सातचा पाढा म्हण.